शैक्षणिक व्हिडिओ गेम : मुलांसाठी घेण्यापूर्वी माल पारखून घ्या

व्यापार करणाऱ्या माणसाला माल पारखायला शिकवावे लागत नाही. कापडाचा व्यापारी ताग्याचे टोक चोळून पाहतो, सुतार फळीवर टिचकी मारून आवाज ऐकतो, सोनार कसोटीवर घासून पाहतो. डब्यावर काय छापले आहे एवढ्यावर यांपैकी कोणीही पैसे मोजत नाही. परंतु हाच माणूस घरातल्या तीन-चार वर्षांच्या मुलासाठी मोबाईलवर गेम उतरवून घेतो, तेव्हा नावापुढे 'एज्युकेशनल' किंवा 'लर्निंग' हा शब्द दिसला की समाधान मानतो. हा शब्द लावण्यासाठी गेम बनवणाऱ्याला कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणून शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील मुलांसाठी गेम कसा निवडावा, याचा विचार आम्ही येथे व्यापाऱ्याच्याच पद्धतीने करणार आहोत.

फुकट मालाची किंमत कोण देतो?

1990 च्या दशकात व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचे यंत्र आणि त्यात घालायची कॅसेट. पैसे दिले, कॅसेट घरी आणली, व्यवहार संपला. आज गेम बहुधा फुकट मिळतो आणि व्यवहार तेथूनच सुरू होतो. गेम बनवणाऱ्यालाही कारागिरांचा पगार द्यावा लागतो. तो पैसा एक तर जाहिरातींतून येतो, नाही तर गेमच्या आत विकल्या जाणाऱ्या वस्तूंतून किंवा दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीतून येतो.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 5 वर्षांखालील मुले वापरतात अशी 135 ॲप तपासली आणि 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी 95 टक्के ॲपमध्ये कोणत्या ना कोणत्या स्वरूपात जाहिरात आढळली. चार वर्षांच्या मुलाला जाहिरात आणि खेळ यांतला फरक कळत नाही. समोर चमकेल त्यावर ते बोट ठेवते.

या बोटाची किंमत किती होऊ शकते, तेही पाहा. 2014 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲपल कंपनीवर कारवाई केली. पालकाने एकदा पासवर्ड टाकला की पुढची 15 मिनिटे मुले पालकांना न विचारता गेममधील वस्तू विकत घेऊ शकत होती. कंपनीने ग्राहकांना किमान 3 कोटी 25 लाख डॉलर परत देण्याचे मान्य केले. 2020 मध्ये 'एबीसीमाऊस' या लहान मुलांच्या शैक्षणिक ॲपच्या कंपनीने त्याच कमिशनशी 1 कोटी डॉलरवर तडजोड केली. वर्गणी आपोआप पुढे चालू राहते हे ग्राहकांना नीट सांगितले नाही आणि बंद करणे अवघड करून ठेवले, अशी तिच्याविरुद्ध तक्रार होती. म्हणजे शैक्षणिक मालाच्या बाजारातही कलमे वाचूनच सही करावी लागते.

गेम शिकवतो केव्हा?

2015 मध्ये कॅथी हर्श-पासेक, रॉबर्टा गोलिंकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैक्षणिक ॲप पारखण्यासाठी चार कसोट्या मांडल्या. साध्या भाषेत त्या अशा : मुलाने डोके चालवले पाहिजे, त्याचे लक्ष शिकण्यावर राहिले पाहिजे, शिकलेले त्याच्या रोजच्या जीवनाशी जुळले पाहिजे आणि त्यात दुसऱ्या माणसाची सोबत असली पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. एका गेममध्ये अक्षरे लिहिलेले फुगे वर जातात. मूल कोणताही फुगा फोडो, टाळ्या वाजतात आणि तारे पडतात. बाहेरून पाहणाऱ्या अब्बांना वाटते की मूल अक्षरे शिकत आहे. प्रत्यक्षात ते फुगे फोडायला शिकत असते. दुसऱ्या गेममध्ये टोपलीत तीन आंबे ठेवायचे असतात. चार ठेवले तर गेम शांतपणे आंबे पुन्हा मोजून दाखवतो आणि परत संधी देतो. चकचकाट कमी आहे, पण मूल मोजते आहे. पहिला गेम दिसायला भारी आणि आत पोकळ, दुसरा दिसायला साधा आणि आत भरीव.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. 2003 मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींना समोर बसलेल्या माणसाकडून, तर काहींना तेच बोल टीव्हीच्या पडद्यावरून. माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतील ध्वनींचा फरक ओळखता येऊ लागला. पडद्यावरून ऐकलेल्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. तीन-चार वर्षांचे मूल पडद्यावरून थोडेफार शिकू शकते, पण शेजारी अम्मी, दादी किंवा मोठी आपा बसून बोलत असेल तर पुष्कळ अधिक शिकते.

पारखण्याची रीत

मुलाच्या हाती देण्यापूर्वी गेम स्वतः दहा मिनिटे खेळावा आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

1. मुद्दाम चूक करून पाहा. चुकीच्या उत्तरालाही टाळ्या मिळत असतील, तर माल बाद समजा.

2. जाहिराती मोजा. दहा मिनिटांत एक जरी जाहिरात मध्ये आली, तरी त्या वयासाठी तो गेम नको.

3. गेमला शेवट आहे का पाहा. एक धडा संपला की थांबणारा गेम चांगला. एकामागून एक आपोआप सुरू होणारा गेम मुलाला उठू देत नाही.

4. भाषा तपासा. आपल्या पुष्कळ घरांत बोलायला उर्दू किंवा दखनी, बाजारात मराठी आणि शाळेत इंग्रजी असते. उर्दू अक्षरे उजवीकडून डावीकडेच गिरवायला लावतो का, मराठी गेम 'ळ' चा उच्चार 'ल' करतो का, हे ऐका. चुकीचा उच्चार एकदा बसला की काढायला वेळ लागतो.

5. गेम काय मागतो ते पाहा. रंग शिकवणाऱ्या गेमला आपल्या फोनमधील नावांची यादी, फोटो किंवा ठिकाण कशाला हवे? त्या यादीत आपल्या गिऱ्हाइकांचे नंबर असतात.

भरवशाची काही नावे

दुकानात जुना संगणक पडून असेल तर 'जीकॉम्प्री' हा गेमसंग्रह उपयोगी आहे. 2000 साली फ्रान्समध्ये सुरू झालेला हा संग्रह 2 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी असून त्यात शंभराहून अधिक खेळ आहेत. माऊस हलवणे, रंग, आकडे, कोडी असे सर्व काही त्यात मिळते. तो पूर्णपणे मोफत आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. 2002 साली आलेला 'टक्स पेंट' हा चित्रे काढण्याचा कार्यक्रमही तसाच मोफत आहे. त्यात वाचावे लागत नाही, त्यामुळे घरची भाषा कोणतीही असली तरी चालते. मोबाईलवर 2018 पासून मिळणारे 'खान अकॅडमी किड्स' हे 2 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी असून त्यात ना जाहिरात ना वर्गणी. ते मुख्यतः इंग्रजीत आहे, म्हणून घरच्या माणसाने सोबत बसून आपल्या भाषेत सांगत जावे.

बाजारातील बॅटरीवर चालणारे 'लर्निंग टॅब' किंवा खेळण्यातील लॅपटॉप घेणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. बटणासारखे छोटे सेल असलेल्या खेळण्याचे झाकण स्क्रूने बंद असले पाहिजे. असा सेल मुलाने गिळला तर जिवावर बेततो.

दुकानाचा फोन आणि मुलाचा हात

गर्दीच्या वेळी मूल रडू नये म्हणून दुकानाचाच फोन त्याच्या हाती देण्याची सवय वाढली आहे. याच फोनवर यूपीआय, बँकेचे मेसेज आणि उधारीच्या नोंदी असतात. म्हणून शक्य असल्यास सिमकार्ड नसलेला जुना फोन मुलासाठी वेगळा ठेवावा. त्यावर एकदा गेम उतरवून नेट बंद करावे. ते शक्य नसेल तर ॲपच्या दुकानात प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी व्यवस्था करावी. अँड्रॉइड फोनमध्ये 'ॲप पिनिंग' आणि आयफोनमध्ये 'गाइडेड ॲक्सेस' ही सोय असते. ती चालू केली की मूल त्या एका गेमच्या बाहेर जाऊ शकत नाही.

वर्गणीबाबतही जागरूक राहावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एकदा आपण मंजुरी दिली की 15,000 रुपयांपर्यंतची नियमित कपात दर वेळी ओटीपी न विचारता होऊ शकते. मात्र कपातीच्या किमान 24 तास आधी बँकेने कळवावे लागते. असा मेसेज आला तर तो जाहिरात समजून पुसू नये. नको असलेली मंजुरी बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमधून त्याच दिवशी रद्द करावी. गेम फोनमधून काढून टाकला म्हणजे वर्गणी बंद झाली, असे होत नाही.

वेळेचे माप

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेले माप असे : 2 वर्षांपूर्वी पडद्यासमोर बसवणे नको, 2 ते 4 वर्षांपर्यंत दिवसात जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर अधिक चांगले. या तासात टीव्ही आणि कार्टूनही आले. म्हणून आमचा सल्ला असा की गेमला पंधरा-वीस मिनिटे द्यावीत आणि जेवताना तसेच झोपण्यापूर्वी तो देऊच नये.

गेम बंद झाल्यावर खरा धडा सुरू होतो. गेममध्ये तीन आंबे मोजले असतील तर शिलाईच्या दुकानात मुलाला तीन लाल रिळे आणायला सांगा. रंग ओळखायला शिकले असेल तर कापडाच्या ठाणांचे रंग विचारा. सुताराच्या पोराला लांब फळी कोणती, आखूड कोणती हे विचारा. मूल बरोबर सांगू लागले तर गेम खरा ठरला. महिनाभरात पडद्याबाहेर काहीच उमटले नाही तर तो काढून टाका, मग तो फुकटचा असो वा पैशाचा.