बापू गोखले : वासोट्यापासून आष्टीपर्यंत

सातारा-सांगलीच्या मंडळींना वासोटा माहीत असतो तो ताई तेलिणीमुळे. आज आपण त्या किल्ल्याला वेढा घालणाऱ्या माणसाकडे बघू : नरहर गणेश ऊर्फ बापू गोखले.

१८०० मध्ये धोंड्या वाघाशी लढताना काका धोंडोपंत पडले आणि त्यांचं पथक बापूंकडे आलं. त्या मोहिमेत आणि पुढे १८०३ मध्येही बापू वेलस्लीच्या, म्हणजे इंग्रजांच्या बाजूने लढले. हे लक्षात ठेवा. इंग्रजी कवायती फौज काय चीज आहे, हे पुण्यात त्यांच्याइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं होतं.

१८०६-०७ मध्ये बाजीरावांनी त्यांना परशुराम पंतप्रतिनिधींवर पाठवलं. प्रतिनिधी जखमी होऊन कैद झाले. ताई तेलिणीने मात्र वासोटा कित्येक महिने झुंजवला. शेवटी किल्ला पडला, प्रतिनिधींच्या मुलखाचा वसूल बापूंच्या हाती आला आणि बापू बडे सरदार झाले.

१८१७ मध्ये पुणे तहाने पेशव्यांचे हातपाय बांधले गेले. तेव्हा बाजीरावांनी युद्धाची सगळी मदार बापूंवर टाकली. म्हणजे सेनापती तेच आणि मुख्य सल्लागारही तेच! ५ नोव्हेंबरला खडकी, मग येरवडा, मग माघार.

इथे खरी मेख आहे. पेशव्यांच्या फौजेचा मोठा भाग जहागीरदारांचा. १० फेब्रुवारी १८१८ ला इंग्रजांनी सातारा घेतला आणि लगेच जाहीरनामा काढला : छत्रपतींना राज्य देऊ, पेशव्यांना सोडून येणाऱ्यांची वतनं राखू. आता सांगलीकर, मिरजकर पटवर्धनांसारख्या सरदारांनी कोणासाठी लढायचं?

२० फेब्रुवारीला आष्टीजवळ जनरल स्मिथच्या घोडदळाने गाठलं. बाजीराव निसटले. बापू थोडे स्वार घेऊन उलटले आणि लढता लढता पडले. त्याच दिवशी छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले.

पेशवाई काही त्याच दिवशी बुडाली नाही. बाजीराव जूनपर्यंत फिरत राहिले. पण फौज सांभाळणारा आणि मसलत देणारा माणूस एकच असल्यामुळे तो गेल्यावर मागे कोणी उरलं नाही.

साताऱ्याला मिळालेलं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं. सांगली संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. दोन्हींचे धागे त्या फेब्रुवारीत जुळतात. त्यामुळे पुढच्या वेळी वासोटा चढाल तेव्हा ताईबरोबर बापूंचीही आठवण ठेवा.