मोटारीच्या गळ्यांतील मफलर

थंडीच्या दिवसांत गळ्याभोंवतीं गुंडाळावयाच्या लोंकरी पट्ट्यास आपण मफलर म्हणतों. अमेरिकेंत मोटारीच्या एका अवयवासहि हेंच नांव आहे. आपल्याकडे त्याला सायलेन्सर म्हणतात. माणसाचा मफलर थंडी आंत येऊं देत नाहीं, मोटारीचा मफलर आवाज बाहेर जाऊं देत नाहीं. या मफलरास झडप बसवून आवाज हवा तेव्हां मोठा व हवा तेव्हां लहान करण्याची युक्ति तिकडे बरीच रूढ आहे. तेथें डॉक्टरी करणाऱ्या आमच्या भाच्यानें ती आपल्या गाडीवर करून घेतली. त्याच्याकडून जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

इंजिनाच्या नळकांड्यांत पेट्रोलाचा भडका उडाला, कीं जळलेला वायु मोठ्या दाबानें बाहेर पडतो. तो संथ वाहत नाहीं. धक्क्याधक्क्यानें येतो, आणि तेच धक्के कानाला आवाज म्हणून जाणवतात. ते शमविण्याचे मुख्य मार्ग दोन. वायूला लहानमोठ्या कोठड्यांतून फिरविलें, म्हणजे ध्वनीची लाट लाटेवर आपटून दोन्ही मोडतात. किंवा सच्छिद्र नळीभोंवतीं कांचेची लोंकर भरली, म्हणजे ती आवाज गिळते. इंडियाना संस्थानांतील मिल्टन व मार्शल रीव्ज या बंधूंनीं मोटारीच्या मफलराचें पेटंट १८९७ सालीं मिळविलें. परंतु कोठड्यांतून फिरतांना वायूस अडथळा होतो. इंजिन मंद असतां तो जाणवत नाहीं. तें वेगानें फिरूं लागलें, कीं वायु मागें रेटूं लागतो व शक्ति घटते. म्हणून पूर्वींच्या पुष्कळ मोटारींना वायु मफलराबाहेरूनच सोडून देणारें एक झांकण असे. त्याच्या गोंगाटानें लोक त्रासले आणि अनेक शहरांनीं तें उघडण्यास बंदी केली. आजची झडप ही त्या झांकणाचीच शहाणी नात होय.

झडपेच्या मफलरांत वाटा दोन असतात: एक कोठड्यांतून वळणावळणाची, दुसरी सरळ. सरळ वाटेंत एका दांड्यावर फिरणारी धातूची चकती बसविलेली असते. ती आडवी झाली, कीं वायूस वळणाची वाट धरावी लागते. उभी झाली, कीं तो सरळ निघून जातो. चकती फिरविण्याचें काम इंजिनांतील निर्वाताची ओढ किंवा एक लहानशी विजेची मोटार करते. शेव्हरोले कॉर्व्हेट या वेगवान गाडीच्या ‘झी-झिरो-सिक्स’ प्रकारांत २००६ सालीं ही योजना कारखान्यांतूनच होती. पुढें २००८ सालीं साध्या कॉर्व्हेटलाहि ती जादा पैसे देऊन घेतां येऊं लागली. त्या सालच्या साध्या गाडीची शक्ति ४३० अश्वांची, झडपेसह ४३६. शेंकडा दीडहि वाढ नव्हे! तेव्हां हा खटाटोप मुख्यतः शक्तीसाठीं नसून नादासाठीं आहे, हें प्रांजळपणें कबूल केलेलें बरें.

भाच्याची कॉर्व्हेट २००८ सालचीच, परंतु झडपेवांचूनची. जुनी घेतलेली ही गाडी हातीं येतांच पहिल्या उत्साहांत त्यानें मूळचे मफलर काढून जवळजवळ मोकळ्या नळ्या लावल्या. आठ दिवस आनंदांत गेले. मग लांबच्या प्रवासांत एक पीडा सुरू झाली. त्या गाडीचें इंजिन मिनिटास १८०० फेरे घेऊं लागलें, म्हणजे सेकंदास फेरे ३० होतात. आठ नळकांड्यांत मिळून दर फेऱ्यास भडके चार. म्हणजे सेकंदास धक्के १२०. एका तारेच्या स्वरानें सतारीची तरफ जशी आपोआप बोलूं लागते, तशी गाडीची आंतली पोकळी या धक्क्यांनीं घुमूं लागे. दोन तासांत डोकें दुखे. यावर एक उपाय सांगतात. तापलेल्या वायूंत ध्वनि सेकंदास सुमारें ५०० मीटर जातो. त्या हिशेबानें मीटरभर लांबीची, एका टोकास बंद अशी नळी बाजूस जोडली, तर तिच्यांतून परतणारी लाट मूळ लाटेच्या नेमकी उलट पडून ती घरघर मारते. परंतु हें औषध एकाच स्वरावरचें; आणि गाडींत न बसलेल्यांचें काय?

भाचा रात्रपाळी संपवून पहाटे दोन वाजतां घरीं परते. शेजारीं एक वृद्ध गृहस्थ असत. त्यांची पत्नी अंथरुणास खिळलेली. एके सायंकाळीं ते आले, भांडले नाहींत. एवढेंच म्हणाले, “तुम्ही घरीं आलांत, हें आम्हांला रोज कळतें.” स्वतः डॉक्टर असून आपण एका रुग्णाची झोंप मोडतों, हें भाच्याच्या मनास फार लागलें. पुढच्याच आठवड्यांत त्यानें झडपेचे मफलर आणविले.

बसविण्याचें काम एका दिवसाचें, परंतु कसोशीचें. सांध्यांतून वायु निसटतां कामा नये. तारा तापलेल्या नळीपासून दूर न्याव्या लागतात. गंज व काजळीनें दांडा अडकूं नये म्हणून झडप अधूनमधून हालवावी लागते. मुख्य प्रश्न हा, कीं कांहीं बिघडल्यास झडप उघडी राहावी कीं बंद? मूळच्या कॉर्व्हेटमध्यें निर्वात झडप मिटून धरतो; म्हणून पुष्कळ मालक तिचा फ्यूजच काढून ठेवतात व गाडी सदोदित गर्जत नेतात. भाच्यानें विजेची झडप घेतली, आणि गाडी सुरू होतांना ती मिटलेलीच असेल अशी जोडणी करविली. शहर सोडून हमरस्त्यावर गेल्यावरच तो ती उघडतो.

कायद्याचाहि रोख हाच आहे. यूरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमाप्रमाणें हातानें बदलतां येणारा सायलेन्सर प्रत्येक स्थितींत आवाजाच्या मर्यादेंत बसला पाहिजे. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम उत्पादकानें दिलेल्या तपशिलांत मनास येईल तसा फरक करूं देत नाहीं. आणि २०१९ च्या सुधारणेनंतर आवाजाची मर्यादा मोडणारास दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. आपल्या शहरांत जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोडरोलरखालीं चिरडल्याचीं चित्रें वाचकांनीं पाहिलीं असतीलच. ज्या घरांत तरुण मुलें मोटारसायकल बाळगतात, तेथें हें एकदां मोठ्यानें वाचून दाखवावें.

नैयायिक शब्दाला आकाशाचा गुण मानतात. गाडी ज्याची त्याची असेल. आकाश मात्र सर्वांचें आहे. झडपेचें आम्हांस कौतुक वाटतें तें ती उघडते म्हणून नव्हे, मिटते म्हणून.

महिन्याभरानें ते शेजारी भाच्याला कुंपणाशीं भेटले. विचारूं लागले, “हल्लीं तुमची रात्रपाळी बंद झाली का?”