जोडधंदा आपला, मग नाव का लपवावे लागते?

२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास दारावर थाप पडली. उघडून पाहतो तर आमच्याच वस्तीतला मुलगा. वय चोवीस-पंचवीस. आयटीआयचा वायरमन ट्रेड केलेला. दिवसा नागापूर एमआयडीसीत कंत्राटदाराकडे कामाला आणि संध्याकाळी घरोघर वायरिंगची कामे. घामाने ओलाचिंब झाला होता.

"जयभीम काका. त्या बोल्हेगावच्या घरी पोराला शॉक लागला. फ्रिजला हात लावला तर लांब फेकलं गेलं. ते लोक तुमच्याकडं येतील. माझा पत्ता देऊ नका."

एवढे बोलून तो गेला, तो थेट नेवाशाला मावशीकडे. ते काम त्याला मीच मिळवून दिले होते. घरमालक माझ्या ओळखीचे. परवानाधारक ठेकेदाराने सांगितलेली रक्कम त्यांना जड वाटली, तेव्हा मी म्हणालो, "आपला पोरगा आहे, निम्म्यात करील." त्याने निम्म्यात केले. पण अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत आणली आणि तिथेच सोडून दिली. खाली खड्ड्याला जोडलीच नाही. मुलगा दोन दिवस दवाखान्यात राहून बरा झाला, हे आपले नशीब. घरमालकांकडे बिल नव्हते, पावती नव्हती, कुणाची सही नव्हती. त्यांच्याकडे होते फक्त माझे नाव.

बांधवांनो, त्या रात्रीपासून आपल्या लोकांच्या जोडधंद्याचा विचार डोक्यातून जात नाही. आपल्या वस्तीत एका पगारावर चालणारे घर शोधून सापडत नाही. कोणी रविवारी गवंडीकाम करतो, कोणी लग्नसराईत बँडमध्ये वाजवतो, कोणी शिकवणी घेतो. भगिनी शिलाई करतात, डबे देतात. मी स्वतः बी.कॉम. झालेला कारकून, संध्याकाळी दोन-तीन दुकानदारांच्या वह्या लिहितो. सगळा व्यवहार रोखीचा आणि कागदाशिवायचा. कोणी विचारले तर आपले उत्तर ठरलेले असते: "चोरी तर करत नाही ना?"

चोरी नाही, हे मला मान्य आहे. उलट नोकरी सुटल्यावर उरणारे हे तास आपल्याला किती लढून मिळाले ते आठवावे. महार वतनात वतनदाराला दिवस आणि रात्र अशी वाटणीच नव्हती. घरातला एक माणूस नसला तर दुसऱ्याने हजर राहायचे. आख्खे कुटुंब सरकारी कामाला जुंपलेले आणि मोबदला म्हणजे तुटपुंजी जमीन आणि बलुते. अशा माणसाला दुसरा धंदा कुठून सुचणार? १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या बेडीवर घाव घालण्यासाठी. पुढे मजूरमंत्री म्हणून १९४६ साली त्यांनी कारखाना कायद्याची दुरुस्ती आणली आणि आठवड्याचे ५४ तासांचे काम ४८ तासांवर आले. भोंगा झाल्यावरचे तास आपल्या मालकीचे झाले, ते असे.

बाबासाहेबांनी स्वतःही जोडकामे केली. १९२५ ते १९२८ या काळात ते मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत अर्धवेळ शिकवत होते. वकिली चालू, चळवळ चालू आणि वर हे काम. तेव्हा जोडधंद्याची लाज कोणी बाळगू नये.

आता कायद्याचे बघू. आपल्या लोकांना वाटते, कागद केला की कर मागे लागला. खरे पाहता आपल्यातल्या बहुतेकांना त्यात भिण्यासारखे काही नाही. २०२५-२६ पासून आयकराच्या नव्या पद्धतीत वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. ४ लाखांच्या वर गेलात तर विवरणपत्र भरायचे, एवढेच. सेवेच्या धंद्याला जीएसटीची नोंदणी लागते ती उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर. 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून फुकट आहे. दलाल तिचेही पैसे उकळतात, ती गोष्ट वेगळी.

कर जर पडतच नाही, तर आपण लपवतो ते काय?

याचे उत्तर मला एका भगिनीने दिले. एमआयडीसीतल्या पोरांना ती दोन्ही वेळचे अठरा डबे देते. मुलगा मोटारसायकलवर कंपनीच्या गेटपर्यंत नेऊन पोचवतो. किराणा, भाजी, गॅस वजा जाता महिन्याला बारा-तेरा हजार सुटतात आणि त्यावर तिच्या दोन मुली कॉलेजात शिकतात. अन्नाच्या छोट्या धंद्याला २०११ च्या नियमांप्रमाणे परवानाही लागत नव्हता. वर्षाला शंभर रुपये भरून नुसती नोंदणी करायची होती. मी तिला म्हणालो, "ताई, फॉर्म मी भरतो, तुम्ही फक्त फोटो द्या." ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दादा, शंभर रुपयाचं काही नाही. ते सर्टिफिकेट भिंतीला लावावं लागतं ना? त्याच्यावर आडनाव येतं. पोरांना माहीत आहे 'काकूंचा डबा'. काकू कोण, कुठल्या वस्तीतल्या, हे कुणाला माहीत नाही. माहीत झालं तर?"

मला बोलता येईना. विलायतेहून परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले आणि तो बंद करावा लागला. एवढ्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाचा सल्लाही लोकांना विटाळला. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची. आणि ताईचा प्रश्न आजचा! इतर समाजातला माणूस जोडधंदा लपवतो तो कर वाचवायला. आपल्यातले पुष्कळजण लपवतात ते आडनाव. या दोघांना एका मापाने मोजून "बेकायदा" म्हणणाऱ्या शहाण्यांनी आधी हा फरक समजून घ्यावा.

परंतु म्हणून लपूनच राहायचे काय? नाव नसलेल्या माणसाला बँक दारात उभी करत नाही. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर त्याला दाद मागता येत नाही. आणि "परवाना दाखव" म्हणणारा कोणी आला की खिशात हात घालावा लागतो. हा हप्ता म्हणजे करच की, फक्त त्याची पावती मिळत नाही. ताईने दोन महिने विचार केला आणि नोंदणी केली. सर्टिफिकेट स्वयंपाकघरात लावले आणि मुलीच्या हट्टाने त्याचा फोटो पोरांच्या मोबाईलवरही पाठवला. चार डबे बंद झाले. कारण कोणी सांगितले नाही. बाकीचे चौदा चालू राहिले. नंतर दोन नवे आले, दोन अजून आलेले नाहीत. घरगुती सिलिंडरवर धंद्याचा स्वयंपाक चालत नाही, हेही मला तिला सांगावे लागले. १९ किलोचा सिलिंडर तिला परवडत नाही. तो प्रश्न अजून तसाच पडला आहे.

आता माझे सांगतो, कारण दुसऱ्याला शिकवणे सोपे असते. मी वह्या लिहायला लागलो २०२२ च्या उन्हाळ्यात. त्या आर्थिक वर्षात विमा, भविष्यनिर्वाह निधी वजा जाता माझा पगार कसाबसा पाच लाखांच्या आत बसत होता, म्हणून कर शून्य. वह्यांचे सत्तर-पंचाहत्तर हजार धरले असते तर पाच लाखांची रेषा ओलांडली असती आणि वीस हजारांच्या वर कर बसला असता. मी ते धरले नाहीत. आडनावाची भीती नव्हती, उपासमार नव्हती. हिशेब येतो म्हणून हिशेब लपवला. पुढच्या वर्षापासून नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंत कर पडेनासा झाला, म्हणून माझी चूक एका वर्षापुरती राहिली. पण चूक ती चूकच.

मला टोचले ते पगारपत्रकामुळे. दर महिन्याला व्यवसाय कर २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापला जातो. त्यावर आम्ही कारकून मंडळी नेहमी कुरकुरतो. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातली माणसे खडी फोडून जगली. त्यानंतर रोजगार हमी आली आणि शहरातल्या पगारदाराच्या खिशातून गावाकडच्या मजुराची मजुरी निघू लागली. माझी आई लग्नानंतर कितीतरी उन्हाळे रोजगार हमीच्या नालाबंडिंगवर पाट्या वाहत होती. त्या मजुरीतच माझ्या पाटी-पुस्तकांची सोय झाली. म्हणजे कुठल्यातरी अनोळखी कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे आमच्या घरात भाकरी होऊन आले होते. आणि मी, त्या भाकरीवर बी.कॉम. झालेला, वीस हजार दडवून बसलो होतो. पंचशीलातले दुसरे शील, न दिलेले घेऊ नये, हे दर रविवारी विहारात मी इतरांना म्हणायला लावतो.

त्याच वर्षाच्या हिवाळ्यात अद्ययावत विवरणपत्र भरले. कर, व्याज आणि उशीर केला म्हणून त्यावर आणखी पन्नास टक्के. सगळे मिळून चाळीस हजारांच्या वर गेले. एवढी रक्कम आमच्या घरात एकदम नसते. पत्नीची भिशी त्यात गेली. ती आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, आणि तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. दुसरी गोष्ट माझ्या नेमणूकपत्रातली. लेखी परवानगीशिवाय बाहेरचे काम करणार नाही, असे त्यात छापलेले आहे आणि खाली माझी सही आहे. सरकारी नोकरांना तर १९७९ च्या वर्तणूक नियमांनी खाजगी व्यवसायाला परवानगी घ्यावीच लागते. मी परवानगीचा अर्ज दिला आहे. उत्तर आलेले नाही. तोवर वह्या दुकानदारांना परत दिल्या आहेत.

आता त्या वायरमन पोराकडे येतो. आठ दिवसांनी तो नेवाशाहून आला. मी आणि आमच्या मंडळाचे दोघे त्याला घेऊन बोल्हेगावला गेलो. घरचे लोक तोंडाला येईल ते बोलले. त्यातले काही इथे छापण्यासारखे नाही. पोराने मान खाली घालून ऐकले. मग एका परवानाधारक ठेकेदाराला सोबत नेऊन, स्वतःच्या खर्चाने अर्थिंग जोडले आणि शॉक बसायच्या आत वीज तोडणारा स्विच बसवला.

बुद्धाने उपासकांना पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. या यादीत परवाना नसलेला धंदा नाही. पण दुसऱ्याच्या जिवाला अपाय करून पोट भरू नये, हा तिचा रोख आहे. शिलाईत टाका चुकला तर ब्लाउज उसवतो. वायरिंगमध्ये चुकला तर माणूस मरतो. म्हणून डबेवाल्या ताईला जी सवलत मी मनातून देतो, ती या पोराला देणार नाही आणि त्याची शिफारस करणाऱ्या मलाही नाही. विजेच्या कामाला परवाना मागितला जातो तो काही साहेबांची हौस म्हणून नव्हे.

पोराने मला विचारले, "काका, पाचशे रुपयात ठेकेदाराची सही मिळते. काम न बघता टेस्ट रिपोर्टवर करून देतात. मग मी परवान्यामागं कशाला लागू?" असे सही विकणारे आहेत, हे मलाही ठाऊक आहे. मी त्याला एवढेच विचारले, की त्या रात्री नेवाशाला पळून कोण गेले होते, तू की ठेकेदार? तो काही बोलला नाही. सध्या तो संध्याकाळी त्याच परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली काम करतो. पैसे पूर्वीपेक्षा कमी मिळतात आणि तो कुरकुरतो. वायरमनच्या परवान्याचा अर्ज विद्युत निरीक्षकांच्या कचेरीत गेला आहे.

आमच्या विहारात दर रविवारी सकाळी वंदनेनंतर मी टेबल टाकून बसतो. 'उद्यम', अन्नाची नोंदणी, विवरणपत्र, जे लागेल ते भरून देतो, पैसे घेत नाही. येताना आधारकार्ड, पॅनकार्ड, बँकेचे पासबुक आणि एक फोटो आणावा. आधारला जोडलेला मोबाईल बरोबर असावा, त्यावर नंबर येतो. मागच्या रविवारी सात जण आले होते. त्यातल्या तिघांनी, आडनाव टाकलेच पाहिजे का, असे विचारले.