रणगाडा : उगम व प्रारंभिक विकास

चिलखती कवच, तोफा वा मशीनगनी आणि अखंड फिरणारे पोलादी पट्टे असलेले स्वयंचलित युद्धवाहन. याचा उगम पहिल्या महायुद्धातील खंदकी लढाईच्या कोंडीतून झाला. १९१४ च्या अखेरीस पश्चिम आघाडीवर काटेरी तारा व मशीनगनी यांपुढे पायदळाची चढाई निष्फळ ठरू लागली. पट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या धर्तीवर चिलखती वाहन बनविण्याची कल्पना ब्रिटिश अधिकारी अर्नेस्ट स्विंटन यांनी मांडली. नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये यासाठी समिती नेमली. विल्यम ट्रिटन व वॉल्टर विल्सन यांचा ‘लिटल विली’ हा पहिला नमुना रुंद खंदक ओलांडण्यास अपुरा पडला. म्हणून संपूर्ण सांगाड्याभोवती पट्टे फिरणारा ‘मार्क-१’ सिद्ध झाला. गुप्ततेसाठी ही वाहने पाण्याच्या टाक्या असल्याचे भासविले गेले. त्यावरून ‘टँक’ हे नाव रूढ झाले.

सु. २८ टन वजनाच्या या गाड्याचा वेग ताशी सु. ६ किमी. होता. एंजिन आठ सैनिकांच्या कक्षातच असल्याने उष्णता व विषारी धूर यांनी ते बेजार होत. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सॉमच्या लढाईत ४९ पैकी ३२ गाडेच चढाईच्या रेषेपर्यंत पोहोचले. कँब्रे येथे २० नोव्हेंबर १९१७ रोजी चारशेहून अधिक रणगाड्यांनी जर्मन फळी फोडली; तथापि पुरेशा राखीव सैन्याअभावी जिंकलेला बहुतेक मुलूख प्रतिहल्ल्यात गमवावा लागला. १९१८ मध्ये रणात उतरलेल्या फ्रेंच ‘रेनो एफ्‌टी’ची सर्व दिशांना फिरणारा बुरूज व मागे एंजिन ही रचना पुढील बहुतेक रणगाड्यांचा पाया ठरली.