विकल्पक्रम (संगणकीय माहितीपुस्तिकांतील)

संगणकाच्या एखाद्या आज्ञेला जोडावयाचे विकल्प तिच्या माहितीपुस्तिकेत ज्या क्रमाने मांडलेले असतात, त्यास विकल्पक्रम म्हणतात. विकल्प म्हणजे आज्ञेचे कार्य बदलणारे, बहुधा एका रोमन अक्षराचे किंवा शब्दाचे चिन्ह. आज्ञा देताना विकल्पांच्या मागेपुढे असण्याने सामान्यतः फरक पडू नये, असे पॉझिक्स मानक सुचविते. पुस्तिकेतील क्रम मात्र महत्त्वाचा ठरतो. कारण ती सहसा अथपासून इतिपर्यंत कोणी वाचीत नाही.

वर्णानुक्रम ही सर्वांत रूढ पद्धत होय. टॉम्प्सन व रिची यांच्या १९७१ च्या युनिक्स पुस्तिकेत प्रत्येक विभागातील नोंदीच वर्णानुक्रमे होत्या. दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञेतील अपरिचित अक्षराचा अर्थ या पद्धतीत त्वरित सापडतो आणि नव्या विकल्पाची जागाही वादावाचून ठरते. मात्र ज्यास काम ठाऊक आहे पण अक्षर ठाऊक नाही, त्यास तिचा उपयोग नाही. ‘टार’ या आज्ञेत संग्रह तयार करणे (सी), त्यातील यादी पाहणे (टी) व तो उलगडणे (एक्स) ही मुख्य कार्ये वर्णानुक्रमाने दूर फेकली जातात. म्हणून ग्नू टारच्या साहाय्य-मजकुरात ती कार्यानुसार एकत्र दिलेली आहेत.

वापराच्या वारंवारतेवरूनही क्रम लावतात. परंतु वारंवारता कोणाची, हा प्रश्न उरतोच. ‘कर्ल’ या साधनाचे विकल्प २५० हून अधिक आहेत. २०२० पासून त्याच्या संक्षिप्त साहाय्य-मजकुरात निवडक विकल्प व वर्गांची सूचना एवढेच येते. संपूर्ण यादी वेगळी मागावी लागते. लांब यादीसाठी ही दुहेरी मांडणी सर्वांत समंजस होय.

क्रमामुळे धोका कसा झाकला जातो, हे ‘आरएम’ या फाइली नष्ट करणाऱ्या आज्ञेत दिसते. न विचारता नष्ट करणारा ‘एफ’ आणि प्रत्येक वेळी संमती विचारणारा ‘आय’ हे यादीत लगत येतात. दोन्ही दिल्यास नंतरचा प्रभावी ठरतो. म्हणजे वरील सर्वसाधारण नियमास येथे अपवाद आहे. असा इशारा यादीच्या शेवटी न देता त्या विकल्पांच्या वर्णनातच देणे आवश्यक असते.

मराठी भाषांतरात शब्दनामे बदलली, की मूळचा वर्णानुक्रम मोडतो व यादी नव्याने लावावी लागते. तीही केवळ युनिकोड संकेतांकांवरून लावल्यास ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ नंतर लगेच येते, वर्णमालेप्रमाणे ‘ह’ नंतर नव्हे. ‘ॲ’ ने आरंभ होणारे शब्द तर सर्व व्यंजनांच्याही पुढे जातात.