फोर्ट आवार : चालत बघताना

चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून ओव्हल मैदान ओलांडलं की मुंबई विद्यापीठाचं जुनं आवार समोरच. संध्याकाळी जावं, पश्चिमेचं ऊन थेट दगडावर पडतं. विद्यापीठाची स्थापना १८५७ची. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर १८६२च्या पहिल्या पदवीधरांपैकी. या इमारती मात्र नंतरच्या. आराखडे लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. गृहस्थ मुंबईत एकदाही आले नाहीत!

दीक्षान्त सभागृह १८७४मध्ये पूर्ण झालं. त्यासाठी एक लाख रुपये देणारे कावसजी जहांगीर रेडीमनी आवारात पुतळ्याच्या रूपाने बसलेले आहेत. सभागृहातल्या चाकासारख्या गोल खिडकीत बारा राशी रंगीत काचेत जडवल्या आहेत.

राजाबाई टॉवर १८७८चा, उंची २८० फूट. कापूस-सम्राट प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले, ते आईचं नाव लावण्याच्या इच्छेने. अंध आईला सूर्यास्तापूर्वी जेवता यावं म्हणून घड्याळाचे टोल, ही गोष्ट गोड आहे. तिला दंतकथाच समजावं. इथे मान वर करून नीट बघायच्या त्या पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या दगडी मूर्ती, पगड्यांच्या घड्यांसकट. दुर्बीण असेल तर उत्तम. खाली ग्रंथालय.

२०१८पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आत शिरण्याआधी फाटकावर विचारून घ्यावं, ओळखपत्र जवळ ठेवावं.