बास्केटबॉल : उंची मोठी की तयारी?

कॉलेज सुरू होऊन पंधरा दिवस होतात न होतात, तोच सूचना फलकावर बास्केटबॉल संघाच्या निवडीची नोटीस लागते. संध्याकाळी मैदानावर तीस-चाळीस मुली जमतात. अशा वेळी प्रशिक्षकांची नजर आधी कुठे जाते? हातांकडे नाही, पायांकडेही नाही. ती सगळ्यांच्या डोक्यांवरून फिरते आणि सर्वांत उंच मुलीवर येऊन थांबते. शाळेपासून रोज पहाटे उठून सराव केलेली पाच फूट दोन इंचांची मुलगी रांगेच्या टोकाला उभी असते. तिची पाळी येईपर्यंत निम्मा संघ ठरलेला असतो.

बेंगळुरूसारख्या शहरात हा प्रश्न घराघरांत येतो. या शहराला बास्केटबॉलची जुनी आवड आहे. मल्लेश्वरमसारख्या जुन्या वस्त्यांतून क्लब आहेत, कॉलेजांचे संघ आहेत, लष्करी केंद्रांचे संघ आहेत. नोकरीनिमित्त इथे येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतली मुलंही या मैदानांवर दिसतात. खेळ चांगला असेल तर क्रीडा कोट्यातून प्रवेश मिळतो, पुढे रेल्वे किंवा बँकेत नोकरीची शक्यता असते. म्हणजे निवड चाचणीतला ‘हो’ किंवा ‘नाही’ हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही. मग खरोखर काय महत्त्वाचं? उंची की पायाभूत तंत्र?

उंचीचा फायदा खोटा नाही

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. जिचा हात रिंगच्या जास्त जवळ, तिचं काम सोपं, हे उघड आहे. उंच खेळाडूंचा हा फायदा इतका मोठा होता की त्यांच्यासाठी नियम बदलावे लागले. रिंगमध्ये उतरू लागलेला चेंडू उंच खेळाडू वरच्यावर अडवू लागले, तेव्हा १९४४ साली अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळात त्याला बंदी झाली. १९६७ ते १९७६ या काळात तर चेंडू वरून रिंगमध्ये कोंबण्याचीही तिथे मनाई होती. तेव्हा ‘उंचीला काही अर्थ नाही’ असं मुलांना सांगणं म्हणजे त्यांची फसवणूकच.

पण उंची एकटी किती पुरते? जॉर्ज मायकन हा सहा फूट दहा इंचांचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा मुलगा. सुरुवातीला तो धांदरट म्हणून नाकारला गेला होता. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात रे मेयर या प्रशिक्षकांनी त्याला हाती घेतलं. दोरीवरच्या उड्या, बॉक्सिंग, इतकंच काय, नाचाचे धडेही त्याला दिले. रिंगखाली उभं राहून एकदा उजव्या, एकदा डाव्या हाताने चेंडू टाकण्याचा सराव शेकडो वेळा करून घेतला. पुढे तो आपल्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू ठरला. तो सराव आजही ‘मायकन ड्रिल’ या नावाने जगभर करून घेतला जातो. म्हणजे उंचीचं सोनं करायलाही तंत्राचीच भट्टी लागली.

उलट बाजूही पाहा. मग्सी बोग्स अवघा पाच फूट तीन इंचांचा. वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संघातून तो एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगमध्ये गेला आणि तिथे चौदा हंगाम टिकला. पहिल्या हंगामात, १९८७-८८ साली, त्याच्याच संघात साडेसात फुटांहून उंच मॅन्यूट बोल होता! आणि सात फूट एक इंचाचा शकील ओनील? चार वेळा विजेता ठरलेला हा महाकाय खेळाडू ‘फ्री थ्रो’ मात्र जेमतेम बावन्न-त्रेपन्न टक्के यशस्वी करायचा. फ्री थ्रो म्हणजे समोर कोणी अडवायला नसताना पंधरा फुटांवरून केलेली फेक. त्याची ही दुबळी जागा ओळखून प्रतिस्पर्धी मुद्दाम फाउल करून त्याला त्या रेषेवर उभं करत. तिथे उंचीचा काही उपयोग नसतो.

बेंगळुरूने पाहिलेला धडा

या वादाचं सर्वांत बोलकं उत्तर मात्र बेंगळुरूनेच डोळ्यांनी पाहिलं आहे. २०१७ च्या जुलैमध्ये महिलांचा आशिया चषक इथे झाला. त्यात ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि वरच्या गटात स्थान मिळवलं. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. त्याच स्पर्धेत ‘अ’ गटाच्या अंतिम सामन्यात जपानने ऑस्ट्रेलियावर ७४-७३ अशी, फक्त एका गुणाने मात केली.

दोन वर्षांनी, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये, स्पर्धा पुन्हा बेंगळुरूत भरली. या वेळी भारत वरच्या गटात होता. जपानने आपल्याला सत्तरहून अधिक गुणांनी हरवलं. अशा पराभवानंतर आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं, ‘आपली माणसं उंचीत कमी पडतात.’ पण हे वाक्य इथे टिकत नाही. कारण जपानच्या मुली काही ताडमाड नव्हत्या. अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर कितीतरी उंच असा चीनचा संघ होता. तरीही जपानने ७१-६८ असा विजय मिळवून सलग चौथ्यांदा चषक नेला.

पुढे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये याच जपानने रौप्यपदक मिळवलं. त्या संघाची सरासरी उंची होती सुमारे १७६ सेंटिमीटर. त्यांची रुई माचिदा तर फक्त १६२ सेंटिमीटरची, म्हणजे आपल्या कॉलेजांत ‘बुटकी’ म्हणून मागे राहिली असती अशी. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिच्या अठरा पासवर तिच्या सहकाऱ्यांनी बास्केट केले. हा ऑलिंपिकमधला विक्रम ठरला. जपानचं गुपित साधं होतं. सगळ्यांना दुरून अचूक फेक जमते, सगळ्यांना पास जमतो आणि सगळ्या अखेरपर्यंत धावतात.

नुकसान दोघींचंही

निवड फक्त उंचीवर झाली की बुटक्या मुलीवर अन्याय होतो, हे पटकन लक्षात येतं. पण उंच मुलीचंही नुकसान होतं, हे फारसं कोणी बोलत नाही. बाराव्या वर्षी वर्गात सर्वांत उंच असलेल्या मुलीला रिंगखाली उभं केलं जातं. ‘तू फक्त हात वर कर, चेंडू आला की टाक’ एवढंच तिला सांगितलं जातं. शाळेचे सामने जिंकले जातात, चषक येतात. पण चेंडू टप्पे देत पुढे नेणं, डाव्या हाताने खेळणं, दुरून फेक करणं तिला कोणी शिकवतच नाही. पुढे बरोबरीच्या मुली उंचीने तिला गाठतात. कॉलेजात येईपर्यंत ती चारचौघींसारखी पाच फूट सहा इंचांची झालेली असते आणि हाताशी तंत्रही नसतं. चषक शाळेच्या कपाटात राहतो, खेळ मात्र तिच्या हातून सुटतो.

पंजाबच्या सतनामसिंग भामराचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. सात फूट दोन इंच उंचीचा हा मुलगा चौदाव्या वर्षी प्रशिक्षणासाठी अमेरिकेला गेला. २०१५ साली एनबीएच्या संघाने निवडलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू ठरला. उंचीने दार उघडलं. पण त्या लीगचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. तिथे सगळेच उंच असतात. मग निकाल लागतो तो लहानपणी पक्क्या झालेल्या पायावर.

याउलट बेंगळुरूच्या संजना रमेशला चांगली उंची लाभली होती आणि जोडीला तंत्राचं शिक्षणही मिळालं. ती २०१९ मध्ये नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात शिष्यवृत्तीवर खेळायला गेली. उंच मुलीला सर्व बाजूंनी शिकवलं तर काय होतं, ते यातून दिसतं.

खेळून उंची वाढते का?

‘बास्केटबॉल खेळ, उंची वाढेल’ हा सल्ला आपल्या घरांतून सर्रास दिला जातो. खरं पाहता खेळामुळे उंची वाढत नाही. उंच मुलं या खेळासाठी निवडली जातात, म्हणून तसं वाटतं. उंची मुख्यतः आई-वडिलांकडून येते आणि वाढीच्या वयात आहार व झोप नीट असावी लागते. मुलींची वाढ साधारणपणे पाळी सुरू झाल्यानंतर दोनेक वर्षांत थांबत येते, मुलांची त्यानंतर काही वर्षांनी. वाढ थांबल्यावर कोणत्याही पावडरीने किंवा लटकण्याच्या यंत्राने एक इंचही वाढत नाही. त्यावर पैसे घालवू नका. लहान वयात वाढ खुंटल्यासारखी वाटत असेल तर वेळीच डॉक्टरांना दाखवा.

कॉलेजच्या वयाचं खरं गणित इथेच आहे. अठराव्या वर्षी उंची जवळजवळ ठरून गेलेली असते. तंत्र मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं सुधारू शकतं. जे बदलता येत नाही त्यावर निवड आणि जे बदलता येतं त्याकडे दुर्लक्ष, हा उलटा व्यवहार झाला.

पालकांनी काय पाहावं?

* सरावाच्या वेळी एकदा मैदानावर जा. उंच मुलंही चेंडू टप्पे देत नेताना, दोन्ही हातांनी खेळताना दिसतात का? दिसत नसतील तर प्रशिक्षकांशी आदराने बोला.
* मुलगी बुटकी असेल तर तिला पास, वेग आणि दुरून फेक यांवर भर द्यायला सांगा. रोज पंचवीस फ्री थ्रो आणि त्यांतले किती यशस्वी, याची वही ठेवा. महिन्याभराचे आकडे तिचा आत्मविश्वास वाढवतील.
* मुलगी उंच असेल तर ‘तुझं काय, तुला जमेलच’ असं म्हणू नका. तिलाच जास्त सरावाची गरज आहे.
* निवड चाचणीत दोन्ही हातांनी फेक, फ्री थ्रो आणि तिघी-तिघींचा छोटा सामना ठेवा, असं कॉलेजला सुचवा. उंचीची नोंद जरूर व्हावी, पण सर्वांत शेवटी.

उंची ही देणगी आहे, तंत्र ही कमाई आहे. देणगी मिळालेल्याने ती वाया घालवू नये आणि न मिळालेल्याने कमाई सोडू नये, एवढं आपल्या मुलांना पटवून देता आलं तरी पुष्कळ झालं.